वयोभेद आणि निर्देशकारित्व

चिकित्सेच्या चतुष्पादांपैकी वैद्य, द्रव्य व परिचारक यांविषयी आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह होतो. त्या मानाने रुग्ण हा पाद उपेक्षित राहतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत. प्रमेह, उच्च रक्तदाब, तमकश्वास यांसारख्या व्याधींत औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते, तेथे या गुणांची खरी कसोटी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन व्याधींचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. यांपैकी कोणता गुण उणा पडतो, हे बव्हंशी वयावर अवलंबून असते, असे आम्हांस वाटते.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील वयोविभाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिसाव्या वर्षापर्यंत धातू वाढते असले तरी मन प्रायः अस्थिर असते, असे तेथे म्हटले आहे. लहानपणी आई औषध देते. ती जबाबदारी मुलाकडे आली की खंड पडू लागतो. तरुणास लक्षणे जाणवत नाहीत आणि ‘जन्मभर औषध’ या शब्दांची धास्ती वाटते. येथे निर्देशकारित्व आणि अभीरुत्व दोन्ही उणे पडतात.

तीस ते साठ या मध्यम वयात मन स्थिर व स्मरणशक्ती उत्तम असते. अडचण असते ती सवडीची. सकाळची गाडी गाठणाऱ्याने दोन वेळा ताजा काढा करावा, ही अपेक्षा अनाठायी होय. तो औषध चुकवितो आणि संकोचाने आपणांस सांगत नाही. ज्ञापकत्वाच्या या अभावी आपण औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवितो.

साठीनंतर ग्रहण, धारण व स्मरण क्षीण होत जातात. तथापि वृद्ध रुग्ण बहुधा तरुणांहून निष्ठावान असतो. घसरण होते ती अतिवार्धक्यात. आमच्याकडे आलेल्या एका ऐंशी वर्षांच्या आजींच्या पिशवीत रक्तदाबाची एकच गोळी दोन निरनिराळ्या नावांनी निघाली. दोन वैद्यकांनी लिहून दिलेल्या त्या दोन्ही गोळ्या त्या नेमाने घेत होत्या. निर्देशकारित्व पूर्ण होते. निर्देशच दुहेरी होता.

म्हणून तरुणास व्याधीचा पुढील मार्ग समजावून द्यावा आणि पुढील भेट लवकर ठेवावी. मध्यमवयीनास काढ्याऐवजी वटी देता येईल का आणि औषधकाल जेवणाशी जोडता येईल का, ते पाहावे. ‘औषध घेता ना?’ ऐवजी ‘या आठवड्यात किती वेळा चुकले?’ असे विचारावे. वृद्धाची औषधाची पिशवी प्रत्येक भेटीत स्वतः पाहावी, ठळक अक्षरांत तक्ता द्यावा आणि घरातील एकास सामील करून घ्यावे.

एक गोष्ट मात्र सर्व वयांत विचारलीच पाहिजे. आपले औषध सुरू होताच पूर्वीची गोळी रुग्णाने मनाने बंद तर केली नाही ना? रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उसळतो. बालवयातील मधुमेहात इन्सुलिन बंद होणे तर प्राणावर बेतते. या प्रश्नास आपल्या चिकित्सालयात दोन मिनिटे लागतात. तेवढी आपण द्यावीत, ही आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.