परसातला घेवडा आणि पाकिटातले जिवाणू



उसाला युरिया किती व कधी टाकायचा हे आपणां सर्वांस पाठ आहे. पण घरामागे चवळी, पावटा, घेवडा टोकताना बियाण्याला जिवाणू संवर्धन लावणारे थोडेच.

हवेत सुमारे 78 टक्के नत्र आहे, परंतु पिकाला ते थेट घेता येत नाही. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतले नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात आणि पीक त्यांना साखर पुरवते. साखरेचा हा व्यवहार आपल्याला निराळा समजवायला नको!

मात्र सगळ्या पिकांना एकच जिवाणू चालत नाही. चवळी, पावटा, मूग, भुईमूग यांचा एक गट, श्रावणघेवडा व राजमा यांचा दुसरा, सोयाबीनचा तिसराच. उसातल्या सोयाबीनचं उरलेलं पाकीट मी एकदा परसातल्या श्रावणघेवड्याला लावलं. महिन्याने रोप उकरून बघतो तर मुळं कोरी! पाकीट चांगलं होतं, गिऱ्हाईक चुकलं.

म्हणून पाकिटावरील पीक आणि मुदत आधी वाचावी. उन्हात गाडीच्या डिकीत ते ठेवू नये, जिवाणू मरतात. वाटीभर पाण्यात गुळाचा खडा उकळून पाणी पूर्ण गार करावे. कोमट असताना घाई नको. पाव किलो बियाण्यावर ते बेताने शिंपडून दोन चमचे संवर्धन हलक्या हाताने चोळावे; साल निघता कामा नये. सावलीत सुकवून त्याच दिवशी टोकावे. बुरशीनाशकात संवर्धन कालवू नये.

त्याच जागी मागल्या वर्षी तेच पीक असेल आणि गाठी भरपूर आल्या असतील, तर पाकिटाचा खर्च नाही केला तरी चालेल. श्रावणघेवडा मात्र नत्र कमीच बांधतो, त्याला शेणखत द्यावेच. युरियाची मूठ चवळी-पावट्यावर फेकू नका. आयतं नत्र मिळालं की गाठी धरत नाहीत.

फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप खुरप्याने मातीसकट काढा, उपटू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात. मुळे पाण्यात धुऊन एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.