दप्तर हललें, पण किल्ल्या कोठें?

आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील शेतकरी पीककर्ज मागावयास निघाला कीं त्यास सातबारा लागतो. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरावरून हातानें उतरून मिळे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संगणकावर मिळूं लागला. अशा नोंदींच्या सुव्यवस्थित सांठ्यास डेटाबेस व तो सांभाळणाऱ्या यंत्रास सर्व्हर म्हणतात. कोठलाहि डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला म्हणजे पुष्कळदां दोन तक्रारी येतात: पासवर्ड बरोबर असूनहि प्रवेश मिळत नाहीं, आणि मिळालाच तर काम गोगलगाईच्या गतीनें चालतें. यंत्र नवें, नोंदी त्याच. मग असें कां व्हावें?

समजा, एक दप्तर जुन्या वाड्यांतून नव्या कचेरींत नेलें. कपाटें आलीं, परंतु देवडीवरील पहारेकऱ्याची यादी वाड्यांतच राहिली. एस्क्यूएल सर्व्हर या डेटाबेसांत नेमकें हेंच घडतें. प्रवेशाची यादी ‘मास्टर’ नांवाच्या निराळ्या डेटाबेसांत असल्यामुळें ती मागें राहते. नव्या जागीं तेंच नांव पुन्हां नोंदलें तरी त्याचा अंतर्गत ओळख-क्रमांक निराळा पडतो. मग देवडी ओलांडतां येते, पण कपाट उघडत नाहीं. येथें पासवर्ड पुनःपुन्हां बदलणें व्यर्थ होय. त्या दोन नोंदींची जुळवणी करणें हाच उपाय.

निदानासाठीं सर्व्हरची रोजनिशी वाचावी. बाहेरच्या मनुष्यास प्रवेश नाकारल्याचा १८४५६ हा क्रमांक तेवढा दिसतो. खरें कारण आंत लिहिलेलें असतें. तेथें ५ हा अंक असेल तर नांवच यादींत नाहीं, ८ असेल तर पासवर्ड चुकला, ३८ असेल तर मागितलेला डेटाबेस उघडला नाहीं, असें समजावें.

आतां मंदगतीकडे वळूं. कोणतें बाड किती मोठें हें जुन्या कारकुनास ठाऊक असतें. म्हणून तो थेट हवें तें काढतो. डेटाबेसहि असे अंदाज बाळगतो. पोस्टग्रेस या डेटाबेसाची १८ व्या आवृत्तीपूर्वींची नवी आवृत्ति घेतांना हे अंदाज मागें राहत. ते नसले म्हणजे एका नोंदीसाठीं सारें बाड चाळण्याचा प्रसंग येतो. ‘अॅनालाइझ’ ही आज्ञा दिली कीं अंदाज पुन्हां तयार होतात. दुसरें कारण असें कीं नव्या यंत्राच्या स्मरणांत आरंभीं कांहींच नसतें. ही मंदी वापरानें आपोआप ओसरते. जी ओसरत नाहीं तिचें कारण शोधावें.

हा दोष क्षुल्लक समजूं नये. ब्रिटनमधील टीएसबी बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें खातीं नव्या यंत्रणेवर नेलीं, तेव्हां सुमारें १९ लक्ष ग्राहकांस खात्यांत प्रवेश मिळेना. डिसेंबर २०२२ मध्यें तिला ४ कोटी ८६ लक्ष ५० हजार पौंड दंड झाला.

म्हणून स्थलांतरापूर्वीं जुन्या सर्व्हरची गति मोजून ठेवावी, नव्याची पूर्ण परीक्षा होईपर्यंत जुना मोडूं नये, आणि एका वेळीं एकच बदल करून तो लिहून ठेवावा. दहा बदल एकदम केले तर कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं. तुमच्यापैकीं कोणी उद्यां अशा कामावर असेल, तर त्यानें एवढें स्मरावें कीं खिडकीबाहेर मृगाच्या तोंडावर एक शेतकरी उभा आहे. चूक यंत्राची असली तरी खोळंबा त्याच्या पेरणीचा होतो.