ठोकून-वाजवून घ्या

कुंभाराकडे मडके घ्यायला गेलो म्हणजे आपण काय करतो? मडके उचलतो, बोटाने वाजवतो आणि कान देऊन ऐकतो. खणखणीत वाजले तर पैसे देतो. बद्द आवाज आला तर मुकाट्याने खाली ठेवतो. मडके ते काय, थोड्या पैशांचे! पण पैसा आपल्या घामाचा असतो, म्हणून आपण ते वाजवून घेतो.

आता सरकारला विमान किंवा अग्निबाण घ्यायचा असला तर? तो बाजारात तयार मिळत नाही. आधी तो नुसता कागदावर असतो. कारखानदाराला पैसे मात्र आधीपासून द्यावे लागतात, आणि ते साऱ्या लोकांचे असतात. मग हा माल पारखून कोण घेतो? जन्मभर हेच काम करणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याची हकिकत आपण या धड्यात वाचू.

सॅम्युएल फिलिप्स यांचा जन्म १९२१ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झाला. वायोमिंगच्या विद्यापीठात ते विजेचे एंजिनिअरिंग शिकले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी इंग्लंडमधून लढाऊ विमान चालवले. लढाई संपली, पण ते हवाई दलातच राहिले. काम मात्र बदलले. आता त्यांना नवी विमाने तयार करवून घ्यायची होती.

१९५९ साली ‘मिनिटमन’ नावाच्या अग्निबाणाचे काम त्यांच्याकडे आले. हे अणुबॉम्ब वाहून नेणारे भयंकर शस्त्र. ते कधी लढाईत वापरले गेले नाही, हे जगाचे नशीब. पण ते बनवताना जी शिस्त लागली, ती समजून घेण्यासारखी आहे.

आपण घर बांधतो तेव्हा काय होते, पाहा. गवंडी दाराची जागा दोन बोटे रुंद ठेवतो आणि सुताराला सांगायचे विसरतो. सुतार चौकट घेऊन येतो, तर ती बसत नाही! मग गवंडी सुताराला बोल लावतो, सुतार गवंड्याला. भुर्दंड कोणाला? घरमालकाला.

अग्निबाणाचे हजारो भाग असतात आणि ते ठिकठिकाणच्या कारखान्यांत बनतात. एकाने काही बदलले की दहा जणांचे काम बिघडते. म्हणून या कामात एक नियम कडक पाळला गेला : लिहिल्याशिवाय बदल नाही. बदल कशासाठी, खर्च किती वाढेल, दिवस किती लागतील, आणखी कोणत्या भागावर परिणाम होईल, हे सारे कागदावर मांडायचे. अधिकाऱ्यांची सही झाली तरच बदल करायचा. १ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनिटमन पहिल्यांदा उडाला आणि पहिलेच उड्डाण यशस्वी झाले.

त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी सांगितले, की हे दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचा. ते काम ‘नासा’ या सरकारी संस्थेकडे होते. १९६४ साली फिलिप्स नासात आले आणि लवकरच या ‘अपोलो’ योजनेचे मुख्य संचालक झाले. सुमारे चार लाख माणसे या कामात होती.

चंद्राकडे जाणारे यान नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन ही कंपनी बांधत होती. काम मागे पडत होते, खर्च वाढत होता. १९६५ च्या अखेरीस फिलिप्स आपली माणसे घेऊन कारखान्यात गेले. त्यांनी काम बारकाईने तपासले आणि डिसेंबरात कंपनीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. उशीर, वाढता खर्च, कामातील कसर, ढिला कारभार, सगळे त्यात स्पष्ट लिहिले. भीडभाड ठेवली नाही. कंपनीने काही सुधारणाही केल्या.

पण तेवढ्याने भागले नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी यान जमिनीवरच असताना एक चाचणी चालू होती. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे आत बसले होते. आत निव्वळ प्राणवायू भरलेला. प्राणवायूत आग कशी भडकते, हे लोहाराच्या भात्यापुढे बसलेल्याला वेगळे सांगायला नको. कुठेतरी ठिणगी पडली आणि क्षणात आगीचा डोंब उसळला. दार आतल्या बाजूला उघडणारे. ते उघडायला दीड मिनिट तरी लागे. तिघेही गेले.

चौकशी झाली. आग नेमकी कुठून लागली हे ठरवता आले नाही. पण विजेच्या तारांचे काम कच्चे असल्याचे आढळले. दोष एकट्या कंपनीचाही नव्हता. अग्निबाणात इंधन नव्हते, म्हणून ही चाचणी धोक्याची आहे असे नासाने धरलेच नव्हते. पुढे संसदेच्या समितीत एका सभासदाने फिलिप्स यांच्या तपासणीचा विषय काढला, तेव्हा नासाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनाच त्या अहवालाची माहिती नव्हती!

म्हणजे पाहा, दोष लिहिला हे अर्धेच काम झाले. तो योग्य माणसापर्यंत पोचला का, आणि दूर झाला का, हे पाहणे उरलेले अर्धे.

फिलिप्स जागचे हलले नाहीत. दार नवे केले. ते बाहेरच्या बाजूला, काही सेकंदांत उघडू लागले. पेट घेणाऱ्या वस्तू काढून टाकल्या. जमिनीवर असताना यानात नुसता प्राणवायू भरणे बंद झाले. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला. त्याच वर्षी फिलिप्स हवाई दलात परतले. पुढे हवाई दलासाठी नवी विमाने व शस्त्रे तयार करवून घेणाऱ्या विभागाचे ते प्रमुख झाले. १९७५ साली जनरलच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले.

१९८६ च्या जानेवारीत नासाचे ‘चॅलेंजर’ यान आकाशात फुटले आणि सात माणसे गेली. आदल्या रात्री काही एंजिनिअरांनी सांगितले होते, की थंडीने रबरी कडी नीट काम करणार नाही. ती गोष्ट वरपर्यंत पोचलीच नाही. तेव्हा नासाचा कारभार तपासायला निवृत्त फिलिप्स यांनाच बोलावले. १९९० साली ते वारले.

आपल्या गावातही शाळेची खोली बांधतात, नळ येतो, रस्ता होतो. तोही आपल्याच पैशांनी विकत घेतलेला माल आहे. आता आपल्याला वाचता येते, लिहिता येते. कंत्राटात काय ठरले ते वाचावे. भिंतीला तडा दिसला तर नुसते पारावर बोलू नये. अर्ज लिहावा, एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, अर्ज पोचल्याची सही घ्यावी. आणि महिन्याने पुन्हा जाऊन विचारावे, “साहेब, त्या तड्याचं काय झालं?”

प्रश्न

१. चौकट दारात का बसली नाही? काय केले असते तर ती बसली असती?
२. फिलिप्स यांनी दोष लिहून कळवले. तरी पुढे काय उणे राहिले?
३. तुमच्या गावातील एखाद्या अपुऱ्या कामाबद्दल पाच ओळींचा अर्ज लिहा.