पडणारे पाणी आणि राहणारे पाणी

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. हे शिखर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरची पाच माणसे ते चढावयास निघाली : मुलगा, सून, दोन नातवंडे आणि मी.

युसूफ वडगाव सोडून केज, बीड, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले अशी गावे मागे टाकीत आमची गाडी संध्याकाळी पायथ्याच्या बारी गावी पोहोचली. दुसऱ्या दिवशी ऊन तापण्यापूर्वीच आम्ही वाट धरली. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली होती.

थोडे वर जातो न जातो तोच डोक्यावर हंडा घेतलेली एक वृद्धा भेटली. नात थबकली व तिला म्हणाली, "आजी, इकडे तर धो धो पाऊस पडतो ना? मग तुम्ही एवढ्या लांबून पाणी का आणता?"

म्हातारी हसली. "पोरी, पाऊस येतो खरा, पण मुक्कामाला राहत नाही!"

तिचे बोलणे यथार्थ होते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि तेथेच रिते होतात. डोंगरापलीकडे मराठवाड्याच्या वाट्याला थोडाच पाऊस येतो. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलीमीटरही पाऊस होत नाही. परंतु सह्याद्रीची ही भूमी कातळाची व तीव्र उताराची. पाणी तीत फारसे मुरत नाही. ओढ्यांवाटे वाहून जाते.

पुढे जेथे कडा सरळ उभा होता, तेथे लोखंडी शिड्या होत्या. त्या चढून आम्ही माथ्यावर पोहोचलो. तेथे कळसूबाईचे लहानसे मंदिर आहे. खाली भंडारदऱ्याचा जलाशय चकाकत होता. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणाने प्रवरेचे पाणी अडविले आहे. प्रवरा पुढे गोदावरीस मिळते. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी आपली मांजराही अखेर गोदावरीसच मिळते.

"म्हणजे आपले धनेगावचे मांजरा धरण या धरणाचे भावंडच!" नातू उद्गारला.

"भावंड खरे, पण दुष्काळात ते कोरडे पडते," मी म्हणालो. २०१६ साली ते आटले, तेव्हा लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

मुलांनो, एका गावी पाऊस उदंड, दुसऱ्या गावी तुटपुंजा. तरी उन्हाळ्यात दोन्हीकडे डोक्यावर हंडा आहेच! पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. शेताला बांध घालणे, झाडे राखणे, पाणी जमिनीत मुरविणे आणि ते जपून वापरणे मात्र आपल्याच हाती आहे.

स्वाध्याय
१. 'पाऊस मुक्कामाला राहत नाही' असे म्हातारी का म्हणाली?
२. मराठवाड्यात पाऊस कमी का पडतो?
३. तुमच्या गावात पावसाचे पाणी कोठे अडते व कोठे वाहून जाते, ते पाहून लिहा.