फळमाशीचा नर आणि आपला सापळा

ऊस विकास विभागाने फळमाशीवर का लिहावे, असे आपणांस वाटेल. पण आपल्या पुष्कळ सभासदांची उसाशेजारी पेरू-आंब्याची झाडे आहेत, बांधाला दोडका-कारली आहेत. गटात फिरताना किडकी फळे आमच्या हातात दिली जातात आणि प्रश्न एकच असतो, "साहेब, फवारा कोणता मारू?"

फवाऱ्याने आतली अळी मरत नाही. मादी सालीखाली अंडी घालते, अळी गरात वाढते, फळ गळते आणि अळी मातीत शिरून कोष करते. म्हणून शास्त्रज्ञांनी अळीचा नाद सोडला आणि माशीचे लग्नच मोडायचे ठरवले.

त्याची रीत अशी. बंदिस्त जागेत लाखोंनी माश्या वाढवायच्या, कोषावर किरणांचा मारा करून नर वांझ करायचे आणि शिवारात सोडायचे. रानातली मादी त्यांच्याशी जुळली की तिची अंडी उबत नाहीत. जपानच्या ओकिनावा बेटांवर ऊस हे मोठे पीक. तिथली वेलवर्गीय फळांवरची माशी, म्हणजे आपल्या दोडका-कारल्यावरचीच, या रीतीने १९९३ पर्यंत समूळ हटवली.

पण मादीला नर पसंत पडला पाहिजे! या माशीचे नर संध्याकाळी पानांआड घोळक्याने जमतात, पंख फडफडवतात, गंध सोडतात. मादी येते आणि त्यांतला एखादा निवडते. नर वयात आलेला नसेल तर ती ढुंकून पाहत नाही. वयात यायला कित्येक जातींना आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. तेवढे दिवस पोसावा तर खर्च, आणि कोवळा सोडावा तर जुळण्याआधीच कोळी-मुंग्या त्याला खातात.

इथे हार्मोन कामाला आले. कीटकाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीतून एक हार्मोन पाझरते. अळीपणी ते तिला अळीच ठेवते आणि पंख फुटल्यावर मात्र तेच प्रजननाची तयारी करवते. मेथोप्रिन हे रसायन त्याच्यासारखेच काम करते. अमेरिकेत पीटर टील व सहकाऱ्यांनी २००० साली कॅरिबियन फळमाशीवर दाखवून दिले की, मेथोप्रिन दिलेले नर जास्त गंध सोडतात आणि त्यांना माद्याही जास्त मिळतात. पुढे मेक्सिकन फळमाशीवर आणि आपल्या कारल्यावरच्या माशीवरही प्रयोग झाले. नर लवकर वयात आले. मात्र खाद्यात यीस्टचे प्रथिनही लागते. नुसत्या साखरेवर नर जगतो, पण मादीपुढे टिकत नाही. साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहिणे जिवावर येते, पण आहे ते असे आहे.

आता कोणी मेथोप्रिन आणून बागेत फवारू नये. ते पोसलेल्या वांझ नरांसाठी आहे, आणि तसे नर आपल्याकडे मिळत नाहीत. आपल्या हाती आहे तो सापळा. तोही लग्नच मोडतो, फक्त उलट बाजूने. पेरू-आंब्यावरच्या माशीचा नर मिथाइल युजेनॉल खातो आणि त्यापासून मादीला ओढणारा गंध तयार करतो. त्या लोभाने तो सापळ्यात येतो आणि मरतो. दोडका-कारल्याच्या माशीला हे चालत नाही, तिला क्यू-ल्यूरची वडी लागते. दुकानदार देईल ती वडी उचलू नका, पीक सांगून घ्या.

सापळ्यात मूठभर माश्या दिसल्या की माणूस खूष होतो. पण ते सगळे नर. उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि शेजारच्या बागेत जुळून आलेली मादी सापळ्याकडे फिरकतही नाही. म्हणून एकट्याचा सापळा वाया जातो असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियात केर्न्स या ऊस भागात १९९५ मध्ये अशीच माशी सापडली. तिथे औषधात भिजवलेले बोर्डाचे तुकडे साऱ्या मुलखात टांगले. हा बोर्ड मूळचा उसाच्या बगॅसचा! १९९९ मध्ये माशी संपल्याचे जाहीर झाले.

तेव्हा एका शिवारातल्या सर्वांनी एकाच आठवड्यात, फळ पक्व होऊ लागण्याआधी सापळे टांगावेत. गळलेली फळे बांधावर न फेकता खोल खड्ड्यात पुरावीत. ज्या गटातून निम्म्याहून अधिक बागायतदारांची नावे येतील, तिथे आमचे कर्मचारी सापळे लावून दाखवतील. नावे स्लीपबॉयकडे द्यावीत.