शब्द आठवू देण्याचा अवधी : वाचाघातावरील एक उपचार

पक्षाघाताच्या झटक्यानंतर हातापायांतील गेलेले बळ सर्वांना दिसते. भाषेवर झालेला आघात मात्र पुष्कळदा घरच्यांच्याही नीट ध्यानी येत नाही. 'आता यांना काही कळत नाही' असे मानून रुग्णाशी बोलणेच कमी केले जाते. वाचाघात म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. १८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी वर्णन केलेल्या सुप्रसिद्ध रुग्णास 'तान' एवढाच उच्चार करता येई. परंतु समोरच्याचे बोलणे त्यास बरेचसे समजत असे.

चष्म्याचे चित्र दाखविले असता रुग्ण 'ते... डोळ्यांना...' म्हणून अडखळतो. आपण 'च' एवढेच म्हटले की कित्येकदा 'चष्मा' हा शब्द चटकन बाहेर पडतो. अशा वेळी शब्द शाबूत असतो, त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी बुजलेली असते. ती पुन्हा रुळावी कशी, हा वाचोपचाराचा प्रश्न आहे.

चित्र दाखवावे, शब्द सांगावा व रुग्णाकडून तो वदवून घ्यावा, ही एक रूढ पद्धत आहे. तीत चुका होत नाहीत, रुग्ण खट्टू होत नाही. तथापि फिलाडेल्फियानजीकच्या मॉस पुनर्वसन संशोधन संस्थेतील एरिका मिडलटन, मिर्ना श्वार्ट्झ व सहकाऱ्यांनी २०१५ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, स्वतः आठवून उच्चारलेला शब्द नुसत्या पुनरुच्चारापेक्षा अधिक टिकतो. तसेच एकच शब्द लागोपाठ घोकण्यापेक्षा मध्ये इतर चित्रे घालून पुन्हा त्याकडे वळणे पुढील चाचणीत सरस ठरते. सरावाच्या वेळी मात्र लागोपाठचीच पद्धत यशस्वी भासते. तिथे नातेवाईकच काय, उपचारकही फसतात.

प्रत्यक्षात चित्र दाखवून काही सेकंद थांबावयाचे. शब्द न आल्यास पहिला ध्वनी सुचवावयाचा, तरीही न आल्यास पूर्ण शब्द सांगून म्हणवून घ्यावयाचा. मग दुसरी चित्रे, आणि काही वेळाने पुन्हा तेच चित्र. शब्द आला तर पुढील खेपेस अंतर वाढवावयाचे, न आला तर कमी करावयाचे. ज्यांना बहुतेक प्रत्येक खेपेस अपयशच येते, त्यांच्याकरिता आरंभी पुनरुच्चारच बरा.

यातील सर्वांत अवघड भाग घरच्यांच्या वाट्यास येतो. पतीची तगमग न पाहवून शेजारी बसलेली पत्नी शब्द सांगून मोकळी होते. त्या मायेस बोल कसा लावावा? आम्ही एवढेच सुचवितो की, सरावाच्या वेळी मनात दहा अंक मोजावेत. जेवताखाताना, गप्पागोष्टींत मात्र परीक्षा घेऊ नये. तेथे शब्द खुशाल पुरवावा.

या उपचारास एक मर्यादा आहे. लाभ मुख्यत्वे सराव केलेल्या शब्दांपुरताच राहतो, इतर शब्दांत तो फारसा उतरत नाही. म्हणून कोणते शब्द घ्यावयाचे, हे कुटुंबीयांना विचारूनच ठरविले पाहिजे. एका निवृत्त एस.टी. वाहकांच्या पत्नीने आमच्या चित्रसंचातील हत्ती व सफरचंद बाजूस सारून घरून तपकिरीची डबी, किल्ल्यांचा जुडगा आणि नातीचे छायाचित्र आणले. काही आठवड्यांनी 'डबी' हा शब्द कोणी न सुचविता आला. नातीचे नाव अद्याप पहिल्या अक्षरावाचून येत नाही. त्याचा सराव चालू आहे.