ल्युकेमिया आणि प्रतिकारक्षमता : डॉ. कार्ल जून यांच्या संशोधनाचा वैद्यांसाठी अभ्यास

प्रास्ताविक

रक्ताचा कर्करोग, म्हणजेच ल्युकेमिया, झालेल्या रुग्णाचे आप्त वैद्याकडे येतात तेव्हा त्यांची मागणी बहुधा एकच असते : "प्रतिकारशक्ती वाढेल असे काही द्या." मागणी स्वाभाविक आहे; परंतु तिच्यामागील कल्पना तपासून पाहणे आवश्यक आहे. ल्युकेमियात विकृत होतात त्या श्वेतपेशीच, म्हणजे ज्यांच्यावर शरीराच्या रक्षणाचा भार आहे त्याच पेशी. रक्षकच विकृत झाला असता 'रक्षकांचे बळ वाढवा' या वाक्याचा नेमका अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांच्या संशोधनातून बरेच स्पष्ट झाले आहे. त्यात अमेरिकेतील डॉ. कार्ल जून यांचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याचा परिचय करून देऊन, त्यातून आपल्या दैनंदिन चिकित्सेत काय घ्यावे व काय टाळावे, याचा विचार आम्ही करणार आहोत.

पूर्वपीठिका : अस्थिमज्जारोपणाने शिकवलेला धडा

सिएटल येथे डॉ. ई. डोनाल थॉमस यांनी अस्थिमज्जारोपणाची पद्धती विकसित केली. या कार्यासाठी १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या चिकित्सेची मूळ कल्पना सरळ होती. तीव्र औषधे व किरणोत्सर्ग यांनी रुग्णाची रोगग्रस्त मज्जा नष्ट करावयाची आणि तिच्या जागी दात्याची निरोगी मज्जा रुजवावयाची. मात्र १९७९ च्या सुमारास सिएटलच्या वैद्यकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ज्या रुग्णांत दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या त्वचा, आतडी, यकृत यांवर आघात केला, त्यांच्यात ल्युकेमियाचा पुनरुद्भव कमी झाला होता. याउलट एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा घेतलेल्या रुग्णांना असा आघात सोसावा लागत नसे, पण त्यांच्यात रोग अधिक प्रमाणात परतत असे.

याचा अर्थ असा की रोगनाशाचे काम केवळ औषधांनी केलेले नव्हते; दात्याच्या टी-पेशींनीही ते केले होते. १९९० मध्ये जर्मनीतील डॉ. हान्स-योखेम कोल्ब यांनी रोपणानंतर जीर्ण मायलॉइड ल्युकेमिया परतलेल्या रुग्णांना दात्याच्या लिंफोसाइट पेशी देऊन रोग पुन्हा आटोक्यात आणल्याचे प्रसिद्ध केले. अशा रीतीने ल्युकेमियाला ओळखून मारणाऱ्या पेशी अस्तित्वात असू शकतात, हे सिद्ध झाले. अडचण एवढीच होती की या पेशींना रोगी पेशी आणि निरोगी धातू यांतील भेद पुरेसा कळत नव्हता.

डॉ. जून यांची वाटचाल

डॉ. जून यांचा जन्म १९५३ चा. ते अमेरिकी नौदलाच्या अकादमीचे पदवीधर. अणुदुर्घटनेत किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट झालेल्यांवर उपचार करता यावेत, म्हणून नौदलाला मज्जारोपणाचे जाणकार हवे होते. त्यासाठी जून यांना सिएटल येथे थॉमस यांच्या केंद्रात शिक्षणास पाठवण्यात आले. परतल्यावर मेरीलँडमधील नौदल संशोधनकेंद्रात त्यांनी एचआयव्हीबाधितांच्या टी-पेशींवर काम केले. डॉ. ब्रूस लेव्हिन यांच्यासह त्यांनी प्रतिपिंडांचा लेप दिलेले सूक्ष्म मणी वापरून रुग्णाच्या टी-पेशी शरीराबाहेर मोठ्या संख्येने वाढवण्याची रीत बसवली. कर्करोगाशी या कामाचा त्या वेळी थेट संबंध नव्हता. पुढे मात्र हीच रीत कळीची ठरली. १९९९ मध्ये ते फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुजू झाले. २००१ मध्ये त्यांच्या पत्नीचे बीजकोशाच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर कर्करोगाचे संशोधन हेच त्यांचे मुख्य कार्य झाले.

ओळख पटवणारा कृत्रिम ग्राहक

टी-पेशी स्वतःच्या पृष्ठभागावरील ग्राहकाच्या साहाय्याने शत्रू ओळखते. ल्युकेमियाची पेशी स्वकीय पेशीपासूनच उपजलेली असल्याने ती बहुधा या नजरेतून सुटते. इस्रायलमधील डॉ. झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये यावर एक युक्ती मांडली. प्रतिपिंडाचा ओळख पटवणारा भाग आणि टी-पेशीला कार्यप्रवृत्त करणारा भाग जोडून एक संकरित ग्राहक तयार करावयाचा. यालाच पुढे 'काइमेरिक अँटिजेन रिसेप्टर', संक्षेपाने 'कार', हे नाव मिळाले. आरंभीच्या अशा पेशी शरीरात फार काळ टिकत नसत. मेम्फिस येथील डॉ. डारिओ कॅम्पाना यांच्या गटाने ग्राहकात '४-१बीबी' नावाचा आणखी एक भाग जोडला. त्यामुळे पेशींची वाढ व टिकाऊपणा सुधारला.

जून यांच्या गटाने या सर्व गोष्टी एकत्र आणल्या. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या करावयाच्या. एचआयव्हीपासून बनवलेल्या, पण रोग उत्पन्न करण्यास असमर्थ केलेल्या विषाणूच्या वाहकाने त्यांत नवे जनुक घालावयाचे. मण्यांच्या साहाय्याने पेशी वाढवावयाच्या आणि पुन्हा रुग्णास द्यावयाच्या. लक्ष्य निवडले ते 'सीडी-१९' हे प्रथिन. ते बी-पेशींवर, तसेच बी-पेशींपासून होणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशींवर आढळते.

रुग्णांवरील अनुभव

२०१० मध्ये जीर्ण लिंफोसाइटिक ल्युकेमियाच्या पहिल्या तीन रुग्णांना या पेशी देण्यात आल्या; निष्कर्ष ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांत रोग पूर्णतः नाहीसा झाला, एकात अंशतः. पेशी शरीरात हजारपटीहून अधिक वाढल्या आणि सरासरीने एकेका पेशीने किमान हजार रोगपेशी मारल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. दहा वर्षांनंतरही त्या दोन रुग्णांत या पेशी टिकून असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

एप्रिल २०१२ मध्ये तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया दोनदा परतलेल्या सहा वर्षांच्या एका बालिकेला फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात ही चिकित्सा देण्यात आली. काही दिवसांतच तीव्र ज्वर, रक्तदाब उतरणे व श्वसनावरोध होऊन ती कृत्रिम श्वसनावर गेली. तपासणीत 'इंटरल्युकिन-६' या द्रव्याची पातळी प्रचंड वाढल्याचे आढळले. जून यांच्या स्वतःच्या कन्येस बालसंधिवात असल्याने, या द्रव्यास अटकाव करणाऱ्या 'टोसिलिझुमॅब' या संधिवातावरील औषधाची त्यांना माहिती होती. ते देताच बालिका त्वरेने सावरली आणि पुढे रोगमुक्त झाली. प्रतिकारक्षमतेचा उद्रेक प्राणघातक ठरू शकतो व त्याला आवर घालणे हाही चिकित्सेचाच भाग आहे, हे या प्रसंगाने दाखवले.

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने या चिकित्सेस मान्यता दिली. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारलेली होती, तिच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ७५ बालक व तरुण रुग्णांपैकी ८१ टक्क्यांत तीन महिन्यांच्या आत रोग नाहीसा झाल्याची नोंद आहे. तरीही काहींत रोग परततो. कित्येकदा रोगपेशी 'सीडी-१९' टाकून देतात व ओळख पुन्हा चुकते. निरोगी बी-पेशीही नष्ट होत असल्याने जंतुसंसर्गाचा धोका दीर्घकाळ राहतो. या चिकित्सेनंतर क्वचित टी-पेशींचाच कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा औषधासोबत छापणे अमेरिकेने २०२४ मध्ये बंधनकारक केले.

मुंबईतील कार्य

अमेरिकेत या औषधाची आरंभीची किंमत ४,७५,००० डॉलर होती. भारतीय रुग्णास हा मार्ग बंदच होता. मुंबईच्या आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून स्वदेशी 'नेक्सकार-१९' विकसित केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. पंधरा वर्षांवरील, अन्य उपचारांना दाद न दिलेल्या किंवा रोग परतलेल्या बी-पेशींच्या लिंफोमा व ल्युकेमिया रुग्णांसाठी ते आहे. खर्च परदेशाच्या तुलनेत सुमारे दशांश असला, तरी तो लाखोंच्या घरात आहे.

व्याधिक्षमत्वाच्या दृष्टीने

चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाची दोन अंगे सांगितली आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध. चरकाचार्यांनी सहज, कालज व युक्तिकृत असे त्रिविध बल वर्णिले आहे. जून यांचे कार्य वाचताना युक्तिकृत बलाचे स्मरण होणे साहजिक आहे. तथापि 'हे आमच्या ग्रंथांत पूर्वीच होते' असे म्हणणे आम्हास उचित वाटत नाही. त्याने ग्रंथांचा गौरव होत नाही आणि रुग्णाचे हितही साधत नाही. घ्यावयाचा बोध निराळा आहे. व्याधिक्षमत्व म्हणजे केवळ बलाची मात्रा नव्हे. स्व आणि पर यांतील विवेक हे त्याचे मर्म आहे. विवेकहीन बल दात्याच्या पेशींप्रमाणे स्वकीय धातूंवरच उलटते. म्हणून सर्व रुग्णांची सारखीच 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' औषध ही कल्पना ल्युकेमियात अपुरी आहे, आणि काही अवस्थांत अपायकारकही ठरू शकते.

वैद्य व औषधालयचालकांसाठी सूचना

१) पांडुता, वारंवार ज्वर, हिरड्यांतून वा नाकातून रक्तस्राव, त्वचेवर सूक्ष्म तांबडे ठिपके, प्लीहावृद्धी, ग्रंथिवृद्धी यांपैकी लक्षणे एकत्र दिसल्यास त्याच दिवशी रक्ताची संपूर्ण गणना व काचपट्टीवरील तपासणी करून घ्यावी. श्वेतपेशींची संख्या प्राकृत वा कमी असली तरी ल्युकेमिया असू शकतो. म्हणून काचपट्टीची तपासणी वगळू नये.

२) बालकाचे हातपाय दुखणे, लंगडणे यास आमवात समजण्यापूर्वी हीच तपासणी करावी. निदान होण्यापूर्वी स्टिरॉइड दिले गेल्यास लक्षणे तात्पुरती दबतात व निदान लांबते.

३) अहवालात 'ब्लास्ट' पेशींचा उल्लेख असल्यास औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णास रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. बालकांतील तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया प्रगत केंद्रांत बहुसंख्य रुग्णांत बरा होतो. ती संधी आपल्या दारी वाया जाऊ नये.

४) श्वेतपेशी वा प्लेटलेट कमी असताना बस्ती, वमन, विरेचन, रक्तमोक्षण करू नये. गुदमार्गातील किरकोळ क्षतही अशा रुग्णात जंतुसंसर्गास द्वार होते.

५) मज्जारोपणानंतर रुग्णास प्रतिकारक्षमता दाबणारी औषधे हेतुपुरस्सर दिलेली असतात. तेथे प्रतिकारक्षमतेस उत्तेजन देणारी रसायने सुरू करणे म्हणजे चिकित्सेच्या विरुद्ध दिशेने ओढणे होय.

६) पिप्पली व मरिचातील पायपरिन अनेक औषधांचे शरीरातील पचन बदलते. इमॅटिनिबसारखी औषधे ज्या यकृतमार्गाने निष्क्रिय होतात, त्यावरही त्याचा प्रभाव पडू शकतो. त्रिकटुयुक्त कल्प योगवाही म्हणून देताना हे ध्यानी ठेवावे. दिलेल्या प्रत्येक औषधाची लेखी नोंद रुग्णाच्या तज्ज्ञास द्यावी.

७) १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात निषिद्ध आहे. औषधालयातील फलक व पत्रके या दृष्टीने तपासून घ्यावीत.

उपसंहार

याचा अर्थ ल्युकेमियाच्या रुग्णासाठी वैद्याकडे काहीच नाही, असा नव्हे. अग्नीचे रक्षण, स्वच्छ व ताजा आहार, निद्रा, मुखाची स्वच्छता, मनोबल आणि दीर्घ उपचारांत धीर सुटू न देणे ही कामे मोठी आहेत. तज्ज्ञांच्या संमतीने ती अवश्य करावीत. मात्र सर्वांत मोलाचे कार्य प्रथम भेटीत घडते. टी-पेशीस रोगपेशी ओळखता यावी म्हणून जून यांच्यासारख्या संशोधकांनी आयुष्य वेचले. आपल्या दारी आलेला रोग वेळेवर ओळखणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.